काचताईची मोजणी

"तुम्ही काय काम करता?" असं कुणी विचारलं की काचताई सरळ सांगायची, "हृदयं कापते." समोरच्याच्या घशात चहा अडकला की तिला बरं वाटायचं. मग ती सावकाश खुलासा करायची, की हृदयं माणसांची नाहीत, मेंढ्यांची आहेत, आणि मेंढ्या आधीच गेलेल्या असतात.

हृदयरोगावर संशोधन करणाऱ्या एका मोठ्या संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत तिची तेवीस वर्षं गेली. एकोणिसाव्या वर्षी बाटल्या धुवायला म्हणून लागली. तिथल्या एका म्हाताऱ्या तंत्रज्ञाने तिचा हात पाहिला आणि बाटल्या सोडवून तिला सुरीवर बसवलं. हृदयाचा तुकडा मेणात बसवायचा, मेणाचा ठोकळा यंत्राला लावायचा आणि चाक फिरवत त्याचे इतके पातळ काप काढायचे की शिंक आली तर दिवसाचं काम उडून जाईल. ते काप कोमट पाण्यावर तरंगवायचे, कुंचल्याने अलगद काचेच्या पट्टीवर घ्यायचे, वाळवायचे, रंगवायचे. अशा हजारो काचा तिच्या हातून गेल्या, म्हणून ती काचताई. तिचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुणाच्या लक्षात नव्हतं आणि तिचीही त्याला हरकत नव्हती.

त्या रंगाची गंमत अशी, की जिवंत स्नायू लाल दिसतो आणि मेलेल्या स्नायूच्या जागी भरून आलेला व्रण निळा. झटका येतो तेव्हा हृदयाचा एखादा भाग रक्तावाचून मरतो. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर भरून येते, पण हृदयाचा स्नायू गेला की गेला. तिथे नुसतं ठिगळ बसतं, आणि ते ठिगळ आकुंचन पावत नाही, रक्त ढकलत नाही, फुकट जागा अडवून बसतं. संस्थेचे सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, याच ठिगळाच्या मागे लागले होते. मूळपेशी घ्यायच्या, त्यांना बशीत वाढवून हृदयाच्या पेशी बनवायच्या आणि सुईने त्या ठिगळात सोडायच्या. तिथे त्यांनी रुजावं, नवा स्नायू धरावा.

काचताई या कामाला नावं ठेवणारी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिला बरेचजण तसं म्हणाले. सरांच्या बशीतल्या पेशी तिने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. ना हृदय, ना शरीर, नुसता एक पातळ थर, आणि तो आपला आपण धडधडत होता. त्या दिवशी ती जेवायची विसरली. घरी आल्यावर भावाला फोन करून म्हणाली, "दादा, मी आज बशीत ठोके बघितले." दादा म्हणाला, "माझे दिसले का त्यात? मला सापडत नाहीत हल्ली."

दादाची थट्टा अशीच असायची. तो लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर. जन्मभर दुसऱ्यांना वर चढवलं आणि स्वतः राहायचा तो बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि हृदयाचा बराच भाग गेला. आता जिना चढताना दोनदा बसायचा आणि शेजारी दिसला की चपलेत खडा गेल्याचं नाटक करायचा. आई गेली तेव्हा काचताई आठ वर्षांची होती आणि दादा सोळाचा. त्याने शाळा सोडली, वंगणात हात घातले आणि हिला शिकवलं. ती त्याची अजूनही 'बारके'च होती, केस पांढरे झाले तरी.

तर मोजणी. काचताईचं खरं काम ते. सूक्ष्मदर्शकात चौकटींची जाळी असते. जाळीच्या प्रत्येक छेदावर लाल आहे की निळं, ते बघायचं आणि हातातली आकडे मोजणारी टिकटिकी दाबायची. एका मेंढीच्या चाळीस काचा, एका काचेवर शेकडो छेद. आणि यातला सगळ्यात मोठा नियम असा, की कुठल्या मेंढीला पेशी दिल्या आणि कुठलीला नुसतं मीठपाणी, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. काचेवर फक्त नंबर. कारण माणसाचा डोळा लबाड असतो, त्याला जे हवं ते तो पाहतो. हा नियम काचताई देवासारखा पाळायची. एकदा एका शिकाऊ डॉक्टराने सहज म्हणून सांगितलं, "ही पेशीवाली हं." तिने त्या मेंढीच्या चाळीसच्या चाळीस काचा बाजूला ठेवल्या, मोजायला दुसऱ्या विभागातून माणूस मागवला आणि त्या शिकाऊ डॉक्टराशी महिनाभर बोलली नाही.

बत्तीस मेंढ्यांची मोजणी तिने चार महिने केली. कागद सरांकडे गेले. आठवड्याने सरांनी बोलावलं.

"काचताई, काही मेंढ्या पुन्हा मोजा. मला वाटतं, थकव्यामुळे जरा इकडेतिकडे झालंय."

त्यांनी चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर सोळा नंबर होते. बत्तिसातले सोळा, नेमके अर्धे. थकवा काय निम्म्याच मेंढ्यांना येतो? काचताईने चिठ्ठी वाचली आणि तिला कळायचं ते कळलं. पेशी याच सोळाजणींना दिल्या होत्या. तेवीस वर्षं जपलेला नियम खुद्द सरांनी एका चिठोऱ्यावर मोडून तिच्या हातात ठेवला होता, आणि वर थकव्याचा ठपका तिच्यावर.

तरी तिने मोजलं. आकडे तेच आले. निळं तेवढंच निळं. पेशी दिलेल्या आणि न दिलेल्या यांत फरक नाही. फक्त एका मेंढीत, निळ्याच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता. तो खरा होता. तिने चाळीसही काचांत तो शोधून काढला, पुढून मागून पाहिला. सोळांपैकी एका मेंढीत पेशी रुजल्या होत्या. तिने कागदावर त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आणि आनंदाने तो सरांकडे नेला. सरांनी तो कागद असा पाहिला, जणू जेवणात केस निघाला. "एवढंच?" म्हणाले.

एवढंच! अहो, जगात हृदय भरून येत नाही, आणि इथे तांदळाएवढं आलं होतं. ज्याला कामाची चाड असती त्याने त्या ठिपक्यापुढे हात जोडले असते आणि आणखी दहा वर्षं घासली असती. सरांना मात्र त्याची लाज वाटली.

आणि इथे मी काचताईलाही सोडणार नाही. काही महिन्यांनी संस्थेत जाहीर झालं, की आता माणसांवर प्रयोग, पहिल्या तुकडीत बाराजण. तेव्हा तिने विचारायला हवं होतं, की कशाच्या जोरावर? तिने विचारलं नाही. मनाशी म्हणाली, मोठ्या लोकांनी आणखी प्रयोग केले असतील, आपण सुरी चालवणारे, आपल्याला काय कळतं. ज्या बाईला लाल-निळ्यातला केसभर फरक कळत होता, तिने ऐन वेळी आपल्याला काही कळत नाही असं ठरवून टाकलं. कारणही होतं. बाराजणांच्या यादीत दादाचं नाव आलं होतं.

वहिनींनी ती बातमी इमारतीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचवली. "आमच्या वन्सं तिथेच असतात ना, त्यांच्याच खात्यात," असं म्हणताना त्यांची मान वीतभर उंच व्हायची. दादाने जुनी हत्यारांची पेटी काढून पुसून ठेवली. वर्षभर त्या पेटीकडे त्याने पाहिलं नव्हतं.

पुढच्याच सोमवारी सकाळी काचताई संस्थेत शिरली, तर तळमजल्याच्या दालनात भिंतीवर पुरुषभर उंचीचं नवं चित्र लागलं होतं. डावीकडे निळाभोर व्रण, उजवीकडे लालबुंद स्नायू, एकाशेजारी एक शिस्तीत झोपलेले धागे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पेशी देण्याआधी' आणि 'पेशी दिल्यानंतर'. लोक थांबून बघत होते. एक बाई नवऱ्याचा दंड धरून त्याला ते दाखवत होती.

काचताईही थांबली. उजवीकडच्या लाल चित्रात, वरच्या कोपऱ्यातून तिरकी खाली येणारी एक बारीक पांढरी रेघ होती. बघणाऱ्याला वाटावं छपाईची चूक. आईला पोराच्या कपाळावरची खोक जशी लांबून ओळखू येते, तशी तिला ती रेघ ओळखू आली. सुरीला खडा लागून धार एका जागी तुटली की प्रत्येक कापावर त्याच जागी असा ओरखडा उठतो. त्या दिवशीची ती सुरी तिने फेकून दिली होती. पण तोवर निघालेल्या कापांतला एक इतका देखणा रंगला होता, की तिला तो टाकवेना. वहीत 'ओरखडा, मोजणीत घेऊ नये' असं लिहून तिने ती काच आपल्या टेबलावरच्या डबीत ठेवली होती. नव्याने शिकायला येणाऱ्यांना दाखवायची, बघा, निरोगी हृदय कसं दिसतं.

कारण ते निरोगी हृदय होतं. त्या मेंढीला झटकाही दिला नव्हता आणि पेशीही दिल्या नव्हत्या. बत्तिसांखेरीज तुलनेसाठी म्हणून ठेवलेली धडधाकट मेंढी होती ती, चार पायांवर चालत आलेली.

मग तिला आठवलं की ती काच सरांना तिनेच दिली होती. सर तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या खोलीत आले होते. "तुमच्याकडची सगळ्यात सुंदर काच कुठली?" म्हणाले. हिला कोण आनंद! स्वतःच्या रुमालाने पुसून तिने ती त्यांच्या हातावर ठेवली. "सर, ही निरोगी आहे हं," असं सांगितलंही होतं. सर म्हणाले, "नुसती बघायला." काच परत आली नाही, आणि तिने मागितलीही नाही. मोठ्या माणसाने आपली वस्तू ठेवून घेतली याचाच तिला अभिमान वाटला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिन्यानेच ती वर गेली आणि सरांच्या खोलीत दार न वाजवता शिरली.

"सर, खालचं चित्र चुकलंय. ती काच धडधाकट मेंढीची आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "काचताई, ते प्रातिनिधिक आहे. लोकांना कल्पना यावी म्हणून. यशस्वी झाल्यावर कसं दिसेल, ते दाखवलंय."

"खाली 'दिल्यानंतर' असं लिहिलंय."

"बारीक अक्षरात खुलासा टाकू."

"आणि आपण छापायला दिलेल्या लेखात? लेखात हेच चित्र आहे का?"

सरांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "तुम्ही काप उत्तम काढता. त्यांचा अर्थ लावणं हे आमचं काम आहे."

"माझी मोजणी कुठे आहे सर? मी दोनदा मोजलं. फरक नाही आला. आणि मेंढ्या सांभाळणारा सांगत होता, पेशी दिलेल्या आणखी तीन मेंढ्या माझ्याकडे येण्याआधीच ठोके बिघडून मेल्या. त्या कुठे आहेत?"

"त्या भुलीने गेल्या."

"तिघीही पेशीवाल्याच?"

आता सरांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊपणा मला त्यांच्या खोटेपणाहून जास्त संतापाचा वाटतो. "तुमचा भाऊ यादीत आहे ना? नाव मी स्वतः घातलंय. त्याच्याहून तरुण लोक वाट बघत होते. तुमचं या खात्यासाठी एवढं योगदान, म्हटलं एवढं तरी करावं." आणि हसले.

लाच द्यायची तीसुद्धा अशी. ज्या सुईने काही होत नाही, झालंच तर ठोके बिघडतात, ती सुई तिच्या सख्ख्या भावाच्या काळजात खुपसणार आणि वर म्हणणार, उपकार माना. काचताईला बोलायचं पुष्कळ होतं. ते तसंच घेऊन ती आपल्या खोलीत आली, यंत्राच्या चाकावर हात ठेवून बसली, आणि त्या दिवशी एकही काप निघाला नाही.

संध्याकाळी ती दादाकडे गेली. वहिनींनी ब्रेड भाजला होता, तो तसाच निवला. सगळं ऐकून वहिनींचा बांध फुटला.

"वन्सं, दोन वर्षांनी हा माणूस काल आरशासमोर उभा राहून भांग पाडत होता. तुम्हाला बघवत नाही का ते?"

"वहिनी, मी खोटं कशाला सांगू?"

"खोटं नाही म्हणत. पण तुम्ही डॉक्टर आहात का? एक रेघ दिसली आणि सगळं मोडीत? डॉक्टर लोक वेडे आहेत?"

"वेडे नाहीत. म्हणून तर राग येतोय."

दादा खिडकीपाशी बसला होता. तो बहिणीकडे वळला. मग म्हणाला, "बारके, तुझ्या मोजणीत किती आलं?"

"काही नाही आलं, दादा. एका मेंढीत तांदळाएवढं आलं."

"तांदळाएवढं खरं आलं?"

"खरं. मी आगापिछा सगळा बघितला."

"मग तेच का नाही लावलं भिंतीवर?" दादा म्हणाला.  मग तो पुढे म्हणाला, "मी तीस वर्षं लिफ्टच्या आत लावलेल्या तपासणीच्या कार्डावर सही केली. दोर हाताने तपासल्याशिवाय एकदाही केली नाही. मालक म्हणायचे, करून टाक रे, काय होतंय. लोक आत उभे राहतात, त्यांना दोर दिसत नाही. सही दिसते." मग बायकोकडे बघून म्हणाला, "नको आपल्याला ते."

वहिनी उठून आत गेल्या. आतून कपाट उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला, उगाचच, तीनदा.

गुरुवारी सकाळी संमतीपत्रावर सह्या होत्या. बाराही जणांना तळमजल्याच्या दालनात बोलावलं होतं, चित्राखालीच खुर्च्या मांडून. प्रत्येकासोबत घरचं एक माणूस. दादा काचताईला घेऊन टेबलापाशी गेला आणि परिचारिकेला म्हणाला, "माझं नाव काढा." तिने कारण विचारलं. दादा म्हणाला, "वैयक्तिक." परिचारिकेने नावावर रेघ मारली, खालच्या राखीव यादीवर बोट फिरवलं आणि कोपऱ्यात बसलेल्या दोघांना हाक मारली.

एक तरुण उठला, चौतिशीचा असेल. पोहायला शिकवायचा, असं नंतर कळलं. खांदे अजून रुंद होते, पण चार पावलं चालून तो खुर्चीच्या पाठीला धरून थांबला. सोबत त्याची आई होती. तिने परिचारिकेला काहीतरी विचारलं आणि धावल्यासारखी काचताईकडे आली. तिचे दोन्ही हात तिने घट्ट धरले.

"तुमच्या भावाने जागा सोडली म्हणून आमचा नंबर लागला हो," ती म्हणाली. "तीन महिने रोज येऊन बसतोय आम्ही. तुमचे उपकार कसे फेडू?"

दादाने काचताईची बाही ओढली. "चल, बारके." आणि ती निघालीही. दरवाजापर्यंत गेली. आपला माणूस सुटला होता, आता घरी जायला कोण अडवणार होतं? पण त्या बाईच्या हातांची ऊब तिच्या हातांवर तशीच होती आणि ती तिला सहन होईना. सरांचा राग आला होता त्याच्या दुप्पट राग तिला त्या क्षणी स्वतःचा आला. तिने सरांना सुनावलं, भावाला सांगितलं, आणि कोपऱ्यात तीन महिने बसलेल्या या मायलेकरांकडे एकदाही पाहिलं नाही. दादाला वाचवलं म्हणजे काय केलं? सुई तिथेच होती, फक्त तिच्यासमोरचं माणूस बदललं होतं.

ती वळली. तरुणाच्या हातात पेन आलं होतं. काचताई त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

परिचारिका म्हणाली, "काचताई, तुमचं झालं ना?"

"नाही झालं," काचताई म्हणाली. मग ती तरुणाकडे वळली. "हे वरचं लाल चित्र आहे ना, ती काच मी कापली आहे. ते पेशी दिलेलं हृदय नाही. त्या मेंढीला कधी काही झालंच नव्हतं. पेशी दिलेल्या सोळा मेंढ्या मी मोजल्या, दोनदा. पंधरांत काही आलं नाही. आणखी तीन त्याआधीच ठोके बिघडून मेल्या."

आईचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "तुम्ही इथेच काम करता?" तिने विचारलं. तिचा आवाज आता कृतज्ञ नव्हता.

"तेवीस वर्षं."

तरुणाने पेन खाली ठेवलं नाही. तो वर चित्राकडे बघत राहिला, मग काचताईकडे. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"चित्राचं सोमवारी. मोजणी तर त्याआधीचीच."

"आज गुरुवार. मग इतके दिवस तुम्ही हे कुणाला सांगितलंत?"

काचताईला खोटं बोलता आलं असतं. वर जाऊन भांडले, असं म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण त्याने तेवढंच विचारलं नव्हतं.

"माझ्या भावाला," ती म्हणाली.

 परिचारिका फोनकडे धावली होती आणि वरच्या मजल्यावर सरांचं नाव घेऊन कुणीतरी हाका मारत होतं. काचताई उठली, खुर्ची दालनाकडे तोंड करून फिरवली, आणि बाकीच्या अकराजणांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्या मेंढीपासून सांगायला लागली.